आजोबांचा सुरसागरवरचा फोटो चिकटवल्यासारखा का दिसतो

गेलेल्या आजोबांना, त्यांचा जुना फोटो कापून, बडोद्याच्या सुरसागर तलावाच्या पाळीवर (काठावरच्या कठड्यावर) बसवलंय, महिनाभर कडा साफ करताय, तरी सर म्हणतात "चिकटवल्यासारखं दिसतंय", आणि वर्गातल्या कोणीतरी कंपोझिट (वेगवेगळे फोटो जोडून केलेलं चित्र) म्हणजे फोटोग्राफीच नव्हे असंही ऐकवलंय. तुमची ही पोस्ट दोनदा वाचली. सात वर्षांपूर्वी बडोद्यातच, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी अगदी याच जागी अडकले होते. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), मास्क (थराचा नको तो भाग झाकणं), पेन टूल (कड कापायचं हत्यार) तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. वरच्या प्रतिक्रियांत तिघांनी केसांच्या कडांसाठी वेगवेगळी टूल्स सुचवली आहेत. चांगली आहेत, पण तुमचा घोटाळा कडांचा नाही असं माझं मत आहे. मी शिकवत नाही, लग्नाचे अल्बम आणि जुने फोटो दुरुस्त करण्याचं काम करते, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

आमचा वाडा दांडिया बाजारात होता. तो पाडून आता तिथे फ्लॅट झालेत. पाडण्याआधीच्या उत्तरायणाला, म्हणजे जानेवारीतल्या संक्रांतीला, सगळे गच्चीवर पतंग उडवत असताना, मामाने खाली रिकाम्या चौकाचा एक सुंदर फोटो काढला होता. त्या चौकात मला आजी बसवायची होती. आजीचा फोटो मी काढला मे महिन्यात, नव्या फ्लॅटच्या गच्चीवर, भर दुपारी. तिने त्यासाठी मुद्दाम नऊवारी नेसली होती.

इथेच सगळं बिनसलं होतं आणि मला ते कळलंच नाही. बडोदं साधारण २२.३ अंश अक्षांशावर आहे. उत्तरायणाच्या दिवशी मध्यान्हीला इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते, तीही उत्तरेकडे. मेच्या मध्यावर तोच सूर्य ८६ अंशांवर, अक्षरशः डोक्यावर. सावली पायाखाली गोळा होते आणि भुवया, नाक, हनुवटी यांच्या खाली काळोख साचतो. चौकातल्या खांबांच्या लांब सावल्या आडव्या पडलेल्या आणि त्यांच्यामध्ये आजीच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या. बघणाऱ्याला अक्षांश ठाऊक नसतो, पण डोळ्याला खोटं कळतं. मी मात्र सहा आठवडे पदराची कड घासत बसले होते.

नंतर मी आजीची सावली हाताने रंगवली, तीही चुकीची. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब जाते तितकी विरत जाते, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. पायाजवळ सावली कातरल्यासारखी हवी आणि डोक्याच्या सावलीची कड मऊ. मी पूर्ण सावलीला एकच ब्लर लावला होता. शिवाय पाऊल जिथे फरशीला टेकतं तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. ती नसली की माणूस तरंगतो. तुमच्या फोटोत आजोबांच्या चपलांखाली ती नाही, मोठं करून बघा.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा जवळच्या आणि लांबच्या प्रत्येक माणसाला कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापते. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर सगळ्यांना दीड मीटरवर. चौकासारख्या बंदिस्त जागेत क्षितिज दिसत नाही, मग फरशीच्या सांध्यांच्या आणि तुळयांच्या रेषा लांबवायच्या. त्या जिथे मिळतात ती कॅमेऱ्याची उंची. मामा जोत्याच्या पायरीवर बसला होता आणि मी गच्चीवर उभी होते, एवढंच कारण. पण आजी चौकात पुढे कलल्यासारखी दिसत होती.

तुमच्याकडेही तेच झालंय. आजोबांच्या मूळ फोटोत खुर्चीच्या हातांचा वरचा भाग स्वच्छ दिसतोय, म्हणजे फोटो कोणीतरी उभं राहून काढलाय. पाळीचा वरचा पृष्ठभाग मात्र अजिबात दिसत नाही, म्हणजे तिथे तुम्ही खाली वाकला होतात. या दोन उंचींचं लग्न कुठल्याही मास्कने लागत नाही. एका फोटोची जागा बदलून तो पुन्हा काढावा लागेल, आणि सुदैवाने पाळ अजून तिथेच आहे.

पाण्यातलं प्रतिबिंबही तुम्ही आजोबांचा लेयर उलटा करून टाकलंय. प्रतिबिंब म्हणजे उलटी नक्कल नव्हे. कॅमेरा पाण्याच्या पृष्ठभागाखाली तेवढ्याच अंतरावर असता तर त्याला जे दिसलं असतं ते पाण्यात दिसतं. म्हणून प्रतिबिंबात हनुवटीची खालची बाजू जास्त दिसते आणि मांडीचा वरचा भाग कमी. तुमच्याकडे तो दुसरा कोन नाहीच. ते प्रतिबिंब काढून टाका. पाळीवर मागे सरकून बसलेल्या माणसाचं प्रतिबिंब समोरच्या कॅमेऱ्याला तसंही दिसणार नाही.

तपासायची माझी एक सवय सांगते. सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवा. रंग गेले की कोणाचा काळा किती काळा ते लगेच उघडं पडतं. लांबच्या वस्तूंचा काळा हवेतल्या धुळीमुळे फिका असतो, आणि तिथे जवळून काढलेला गडद माणूस ठेवला की तो पुढे उडी मारतो. मग पूर्ण चित्र आडवं उलटवून बघा. ग्रेन (फोटोतला बारीक दाणा) शेवटी, सगळ्यावर एकदाच घाला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे वर लिहिलेलं सगळं मला पुढे कळलं, पण दुरुस्त करता आलं नाही. का, ते ऐका.

प्रोजेक्टमधलं ते चित्र मी एका स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. कोणती ते लिहीत नाही. फॉर्ममध्ये अट होती: जेपेग, लांब बाजू ३००० पिक्सेल, पाच एमबीच्या आत. शेवटच्या तारखेची रात्र, अकरा वाजून गेलेले. मी मूळ पीएसडीच (फोटोशॉपची, सगळे लेयर सुटे ठेवणारी फाइल) उघडी ठेवून फ्लॅटन केलं, म्हणजे सगळे लेयर एकात मिटवले, आकार कमी केला, आणि हाताच्या सवयीने कंट्रोल-एस दाबून त्याच फाइलवर सेव्ह केलं. मग जेपेग काढली, पाठवली, सॉफ्टवेअर बंद केलं. बंद केल्यावर हिस्टरी उरत नाही. सकाळी फाइल उघडली तर एकच लेयर. चौक, आजी, सावली, सगळं एकात थिजलेलं. कॅमेऱ्याचं कार्ड मी त्याच आठवड्यात एका लग्नाच्या कामासाठी फॉरमॅट केलं होतं, आजीच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) दुसरीकडे कुठेही नव्हत्या. मामाचा जुना फोन तोवर बिघडला होता. चौकाचा फोटो उरला तो फक्त चॅटवर आलेला, दाबून लहान झालेला.

तीन आठवड्यांनी स्पर्धेच्या कार्यालयाची मेल आली: मूळ फाइल्स आणि लेयर असलेली फाइल तीन दिवसांत सादर करा. मी स्वतः गेले. पहिल्या दिवशी टेबलावरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "काले आवजो", उद्या या. दुसऱ्या दिवशी दुसरे गृहस्थ होते, त्यांनी नियमपत्रकाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं: छायाचित्रात फेरफार नसावा. मी तिसरं पान दाखवलं, तिथे सर्जनशील डिजिटल चित्रांचा वेगळा विभाग छापलेला होता आणि माझी प्रवेशिका त्याच विभागात होती. दोन्ही पानं एकत्र कशी वाचायची हे तिथे कोणालाच सांगता येईना. मूळ फाइल्स लागतील हे फॉर्ममध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रवेशिका बाद झाली, शुल्क गेलं. मुलांकडून पैसे घेणाऱ्यांनी निदान नियम तरी एका अर्थाचे छापावेत, हे मला आजही तितक्याच तीव्रतेने वाटतं.

पण खरं नुकसान त्या कार्यालयाने केलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर आजी गेली. नऊवारीतला तिचा तो शेवटचा फोटो. आज सावली कशी असायला हवी हे मला नेमकं माहीत आहे, आणि ज्या फाइलमध्ये ती बदलता येईल ती फाइल नाही. आहे ते ३००० पिक्सेलचं चित्र, इंचाला ३०० पिक्सेल धरले तर दहा इंच रुंद छापता येतं. आईला ते हॉलमध्ये मोठं लावायचं होतं.

म्हणून आजोबांचे मूळ फोटो आत्ता, हे वाचणं थांबवून, दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. फ्लॅटन नेहमी डुप्लिकेटवर. रोज नव्या क्रमांकाने सेव्ह करा. पीएसडी दोन जीबीच्या वर जात नाही, फाइल फुगली तर पीएसबीमध्ये (फोटोशॉपच्याच मोठ्या फाइलच्या प्रकारात) ठेवा, लेयर मिटवून जागा वाचवू नका. आणि एक वही करा: तारीख, वेळ, लेन्स, कॅमेऱ्याची उंची, फोनच्या होकायंत्रावरची दिशा. कोणी मूळ मागितलं तर वहीसकट देता येईल.

"ही फोटोग्राफीच नव्हे" म्हणणाऱ्यांविषयी. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं. गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार त्याच सुमारास समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्यावर घेत असे, कारण तेव्हाचं रसायन निळ्याला इतकं संवेदनशील होतं की समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक पडायचं. फोटोशॉप आलं १९९० मध्ये, त्यात लेयर आले १९९४ मध्ये. आणि आपल्याच गावच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पडद्यावर देवांचे चमत्कार कॅमेऱ्याच्या युक्त्यांनीच दाखवले. बडोद्यात बसून या गोष्टीची लाज वाटायचं काही कारण नाही.

मात्र सांगा. चित्राखाली "दोन छायाचित्रांपासून केलेलं" एवढं लिहा. १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, त्याचा वाद अजून संपलेला नाही. वाचकाला तो फोटो जसाच्या तसा वाटला होता, दुखणं ते होतं. बातमीचा फोटो असेल तर काहीही हलवू नये, या मताची मी आहे. आजोबांचं स्मरणचित्र वेगळं.

जनरेटिव्ह फिलबद्दल (एआयने चित्राचा भाग भरून देणारं टूल) विचारलंय. पाळीचा तुटका दगड भरायला वापरा, हवं तर. आजोबांच्या चेहऱ्याला, हातांना लावू नका. ते बोटं नीट करून देईल, पण ती आजोबांची बोटं नसतील. कोणाला हे मत जुनाट वाटेल, वाटू दे.

तुमच्या पोस्टमधला आजोबांचा मूळ फोटो मी मोठा करून पाहिला. चष्म्याच्या दोन्ही काचांत डाव्या बाजूला खिडकी दिसते, आणि गालावरची सावली मऊ आहे. म्हणजे पसरलेला उजेड, तुमच्या डाव्या हाताकडून. सूर्य उगवण्याआधी सुरसागरच्या उत्तरेच्या काठावर जा, दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहा, पूर्व आपोआप डावीकडे येईल. पाळीचा वरचा पृष्ठभाग खुर्चीच्या हातांइतकाच दिसेपर्यंत कॅमेरा वर घ्या. उजेड भराभर बदलतो, दर दोन मिनिटांनी एक फोटो घेत राहा. निघण्याआधी आजोबांचा तो फोटो कोणत्या लेन्सने काढला ते घरी विचारा, आणि इथे लिहा. पाळीपासून किती लांब उभं राहायचं ते त्यावरून सांगते.