बोटांचं वळण

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्डिंग ऐकलं. मोर्सच्या की'वर, म्हणजे टिंबं-रेघा वाजवायच्या खटक्यावर, हात बसत चाललाय. पण ‘माझी स्वतःची लकब कधी येणार’ हा प्रश्न डोक्यातून काढून टाक. मास्तरांनी सगळ्या वर्गाला एकच कित्ता दिला, तरी प्रत्येकाचं अक्षर वेगळंच झालं ना? तसंच आहे हे. तू आपला कित्ता गिरव: रेघ तीन टिंबांएवढी, अक्षरांमध्ये तीन टिंबांची उसंत, शब्दांमध्ये सातांची. वळण न बोलावता येतं. इंग्रजीत त्याला ‘फिस्ट’ म्हणतात, आम्ही नुसतं ‘हात’ म्हणतो.

दुसऱ्याचा हात ओळखायचा तर टिंबं मोजू नकोस, उसंत ऐक. माझा एक जुना मित्र ‘सीक्यू’ (‘कुणीही ऐकत असाल तर उत्तर द्या’ ही हाक) देताना ‘क्यू’ची शेवटची रेघ रेंगाळत सोडायचा. त्याचं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखचिन्ह) यायच्या आत मी लॉगबुकात वेळ टिपलेली असायची. इलेक्ट्रॉनिक कीयरवर टिंबं-रेघा सगळ्यांच्या सारख्याच पडतात, पण शब्दांमधला श्वास ज्याचा त्याचाच राहतो. (कॉम्प्युटरवर टाइप करून मोर्स पाठवणाऱ्यांचा विषय वेगळा. ओळखायला तिथे हातच नाही.)

मात्र एक सांगून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेचा हुब लाउवर्स हा वायरलेसवाला मार्च १९४२मध्ये हेगला जर्मनांच्या तावडीत सापडला. जर्मनांनी त्यालाच की'वर बसवलं. हात त्याचाच, अगदी अस्सल. त्याने संदेशातून ठरलेली सुरक्षेची खूण मुद्दाम गाळली. आपण पकडले गेलोय हे लंडनला कळावं म्हणून. लंडनने तिकडे काणाडोळा केला. त्यानंतर हॉलंडमध्ये उतरणारे हस्तक एकामागून एक थेट जर्मनांच्या हाती पडत गेले, पन्नासच्या आसपास. त्यातले बहुतेक जिवानिशी गेले. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे, की लाउवर्स तिथे बसून ओरडत होता आणि पलीकडच्यांना फक्त ओळखीचा हात ऐकू येत होता.

तेव्हा हात ओळखलास तरी मजकूर शेवटपर्यंत ऐक. काय गळलंय तेही.

आता काम. क्लबातल्या आणखी दोघांना पकड. तिघांनी एकाच बझरवर, एकाच की'वर, तोच परिच्छेद दोन-दोन मिनिटं वाजवा. रेकॉर्डिंगवर नावं घालू नका. तुझं कोणतं ते मी सांगतो. चुकलो तर पुढच्या भेटीत मिसळ माझ्याकडून.