लाखेनमान ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. जर्मन अभिजात संगीत एकोणिसाव्या शतकातल्या ब्राम्सपाशीच संपलं का? आणि जर्मन संगीतकार हेल्मुट लाखेनमान यांच्या 'प्रेशन' या रचनेची जी क्लिप तुम्ही पाहिलीत, तिच्यात बिघडलंय ते चेलो की वाजवणारा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही संपलं. दुसऱ्यावर जरा ऐसपैस लिहितो, कारण मीही तिथेच अडखळलो होतो. 'प्रेशन' पहिल्यांदा लावलं तेव्हा हेडफोनची पिन सैल आहे असं समजून मी ती दोनदा काढून लावली.

'प्रेशन' ही एकट्या चेलोसाठी १९६९ साली लिहिलेली रचना. तिची स्वरलिपी शोधून बघाच. कुठला सूर ऐकू येईल हे तिच्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. गज कुठे टेकवायचा, किती दाबायचा, बोट तारेवरून कसं सरकवायचं, हे लिहिलंय. ओळीच्या सुरुवातीला जिथे नेहमीची खूण असते, तिथे चक्क वाद्याचं चित्र काढलंय. सूचना सगळ्या हातांना आहेत; कानावर येते ती त्या हातांची मेहनत. गज जोरात दाबून संथ ओढला की दार करकरल्यासारखा आवाज येतो, घोडीवरून फिरवला की नुसती हवा.

तानपुरा ज्यांनी जवळून ऐकलाय त्यांना हे परकं वाटू नये. सूर तोच असतो, पण जवारीचा दोरा केसभर हलला की आवाजाची जात बदलते. लाखेनमान यांना त्या जातीतच रस आहे. या पद्धतीला ते 'वाद्यांचं म्युझिक काँक्रेत' म्हणतात. मूळ 'म्युझिक काँक्रेत' फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांचं: त्यांनी १९४८ मध्ये पॅरिसला रेल्वेगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचं संगीत केलं होतं. इथे यंत्र नाही, मंचावर जे घडतं तेच ऐकायचं.

थोडं चरित्र. जन्म १९३५, श्टुटगार्ट. घर पाद्र्याचं. शिक्षण त्याच गावात झालं, मग १९५८ ते १९६० व्हेनिसला इटालियन संगीतकार लुइजी नोनो यांच्याकडे. पुढे श्टुटगार्टलाच अध्यापन आणि १९९७ साली झीमेन्स संगीत पारितोषिक. त्यांचे लेखही पुष्कळ आहेत, पण तिकडे घाईने वळू नका. गद्य भारी किचकट. त्यातली सौंदर्य म्हणजे सवयीला दिलेला नकार, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप झालं.

मात्र हा नकार म्हणजे परंपरेचा राग नव्हे. 'आकांटो'मध्ये (१९७५-७६) क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासोबत मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोची टेप चालू असते, पण आवाज बंद ठेवून. मधेच क्षणभर आवाज उघडतात आणि मोझार्ट डोकावून जातो. मला तर तिथे गलबलून येतं. मोझार्टचा एवढा हेवा कुणी इतक्या उघडपणे केलेला मी ऐकला नाही.

'काड्यापेट्या विकणारी मुलगी' हा अँडरसनच्या गोष्टीवरचा ऑपेरा १९९७ मध्ये हँबर्गला पहिल्यांदा झाला. त्यात थंडी ऐकू येते: गायिकांचं कुडकुडणं, जिभेचे टकटक आवाज, घासलेलं थर्माकोल. सुरुवात मात्र इथून नको, दमाल.

सुरुवात 'गुएरो'पासून करा. पियानो आहे, पण पट्टी दाबून सूर काढायचा नाही. पट्ट्यांवरून नखं फिरवायची. घरी कॅसिओ असेल तर बंद ठेवून करून बघा. आधी सावकाश, मग भरभर. आधी पट्ट्यांच्या कडेवरून, मग काळ्या पट्ट्यांवरून. पाच मिनिटांत तुम्हाला चार वेगळे आवाज सापडतील, आणि घरचे काय चाललंय म्हणून विचारतील.

मग 'आइन किंडरश्पील' (१९८०), पियानोचे सात छोटे तुकडे. पहिल्यात जर्मनीतल्या पोराटोरांना पाठ असलेल्या 'हेन्सखेन क्लाइन' या बालगीताची लय तशीच ठेवलीय, चाल मात्र काढून टाकलीय. हात अगदी उजवीकडच्या पट्टीपासून एकेक पट्टी घेत डावीकडे उतरत जातो. शेवटचा तुकडा सगळ्यात वरच्या दोनच पट्ट्यांवर ठोकलेला. तिथे सूर जवळपास नसतोच, लाकडाची खटखट जास्त. पण पेडल दाबलेलं असताना त्या खटखटीमागे सबंध पियानो गुणगुणतो, तो ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नाही ऐकू यायचा.

'प्रेशन'कडे त्यानंतर परत या, आणि या वेळी व्हिडिओच बघा. गजावर नजर ठेवा.