घरचा पहिला नाताळ

ताई, इंदूरमधला घरचा पहिलाच नाताळ म्हणून एवढ्या धास्तावू नका. सुरुवातीला दोनच गोष्टी धरा.

१. १ डिसेंबरपासून बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय मोठ्याने वाचा. अध्याय २४ आहेत, २४ तारखेला येशूच्या पुनरुत्थानापर्यंत पोचाल. मुलांनाही वाचू द्या, अडखळली तरी चालेल. त्या रात्री दुसरा अध्याय पुन्हा घ्या: बाळ गव्हाणीत, आणि बातमी आधी रानातल्या मेंढपाळांना! मला यातच अख्खा नाताळ दिसतो.

२. करंज्या, केक २२ पर्यंत उरका.

नवखे हमखास चुकतात ते राजवाडा बाजारातल्या खरेदीपायी उपासना चुकवून. शिवाय २५लाच सगळं उरकायला बघतात. नाताळकाळ पुढेही चालतो. राहिलेल्या भेटीगाठी ६ जानेवारीपर्यंत घ्या. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) मेणबत्त्यांचं पुढच्या वर्षी सांगेन.