नाच बसवताना : वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते आणि आमच्याकडे नाचाविषयीची पत्रं वाढतात. या वेळी गोफाबद्दल, म्हणजे वर टांगलेल्या पट्ट्या नाचता नाचता विणायच्या आणि पुन्हा उलगडायच्या त्या नाचाबद्दल, सर्वांत जास्त विचारणा आहे, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : चौथीच्या मुलींचा कोळीनाच बसवते आहे. आठ अंक मोजून शिकवलं की छान करतात. गाणं लावलं की दुसऱ्या ओळीपासून सगळ्या पुढेमागे होतात. सराव वाढवूनही फरक नाही. (शिक्षिका, पालघर)

मुलींचं चुकत नाही, मोजणी चुकते आहे. अनेक कोळीगीतं दादरा तालाच्या वजनात, म्हणजे सहा मात्रांत (सहा अंकांच्या मोजणीत) चालतात. आठ मात्रांची हालचाल सहाच्या ठेक्यावर बसवली की पहिल्या फेरीनंतर दोन मात्रा पुढे जातात, दुसरीनंतर चार. तिसरीनंतर चोवीस मात्रा होतात आणि दोन्ही पुन्हा जुळतात. मध्येच एकदा सगळं जमून जातं ते यामुळे, आणि मग आपल्याला वाटतं की सरावच कमी पडतोय.

गाणं लावून मुलींना खाली बसवा आणि ठसक्यावर फक्त टाळी द्यायला सांगा. दोन टाळ्यांच्या मध्ये ‘एक-दोन-तीन’ सहज बसलं तर गाणं सहाचं. ‘एक-दोन-तीन-चार’ बसलं तर आठाचं. सहाचं असेल तर वल्हं एकवर ओढायचं, चारवर परत न्यायचं. पाऊलही एक आणि चारवरच. बाकीच्या मात्रांवर अंग नुसतं झुलू द्या, तिथे काही करायला लावू नका.

प्रश्न : पाचवी ते सातवीच्या मुलांचा गोफ बसवायचा आहे. सभागृह नाही, अंगणात आंब्याचं झाड आहे. मुलं किती घ्यावीत, पट्ट्या किती लांब हव्यात? गेल्या वर्षी विणला गेला, पण उलगडताना असा गुंता झाला की शेवटी कात्री लावावी लागली. (मुख्याध्यापक, रत्नागिरी)

गोव्यात शिगम्याला होणारा गोफ असो की आपल्याकडचा टिपरी-गोफ, वीण एकच : निम्मी मुलं एका दिशेने, निम्मी उलट, आणि समोरच्याला आळीपाळीने आतून-बाहेरून ओलांडत जायचं. नाच बसवणं म्हणजे काय हे मुलांना शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन आम्हाला माहीत नाही, कारण इथे चूक डोक्यावर लोंबताना दिसते.

मुलं आठ किंवा बारा घ्या. संख्या सम हवीच. सोळा घेतली तर सुरुवातीला मजा येते, पण वीण खाली उतरते तसं वर्तुळ लहान होतं आणि शेवटी खांद्याला खांदा लागतो.

झाडाच्या न हलणाऱ्या जाड फांदीला जमिनीपासून साधारण ३.३ मीटरवर लोखंडी कडी पक्की बांधा. कडी फिरती नको. एका बाजूची मुलं जोरात ओढू लागली की फिरत्या कडीबरोबर पट्ट्यांना पीळ बसतो. खांबाभोवतीही विणता येतं, पण मग खांबाला लपेटलेली जाळी होते, गोफाची गोल दोरी होत नाही.

प्रत्येक पट्टी ४ मीटरची हवी. कडीपासून मुलाच्या हातापर्यंत तिरकं अंतर तीन मीटरच्या आसपास भरतं, पाऊण मीटरची वीण जवळजवळ एक मीटर पट्टी खाते. जुन्या सुती पाचवारीच्या लांबीच्या बाजूने ३-४ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या की ४ मीटर बिनसांध्याचे मिळतात. सांध्याची गाठ विणीत अडकते, म्हणून सांधे टाळा. सॅटिनची रिबीन चकचकीत दिसते, पण निसटते. सराव सुतीवरच करा. रंग दोनच ठेवा, एका दिशेच्या मुलांना एक. बरोबर विणलं की दोन रंगांचे एकसारखे चौकडे पडतात. कुणी सलग दोनदा बाहेरून गेलं की तिथे त्याच्या रंगाचा लांब फरांटा उठतो आणि खालून मुलंच ओरडतात, “सर, चुकलं!” पट्टीच्या टोकाला गाठ मारून ती मुठीत धरायची. मनगटाला किंवा बोटांना वेटोळं घालू देऊ नका. समोरचा धावला तर बोट आवळलं जातं.

आता चाल. मुलांना ओळीने एक ते आठ क्रमांक द्या. विषम क्रमांकांनी वर्तुळाचं केंद्र उजव्या हाताला ठेवून उभं राहायचं, सम क्रमांकांनी डाव्या हाताला. म्हणजे एक आणि दोन समोरासमोर, तीन आणि चार समोरासमोर. केंद्राकडच्या हातात पट्टी, बाहेरच्या हातात टिपरी. पहिल्या ओलांडणीला विषम आतून, सम बाहेरून. बाहेरून जाणाऱ्याने पट्टीचा हात उंच करून ती आतल्याच्या डोक्यावरून न्यायची. पुढचा भिडू भेटला की विषम बाहेरून, सम आतून. मुलांच्या तोंडी ‘आत-बाहेर, आत-बाहेर’ एवढंच राहिलं पाहिजे. मोठ्याने म्हणू द्या.

केरवा तालाच्या आठ मात्रांपैकी चार मात्रांत, चार पावलांत ओलांडायचं आणि उरलेल्या चार मात्रांत नव्या भिडूच्या टिपरीवर टिपरी द्यायची. आठ मुलांत आठ ओलांडण्यांनी प्रत्येक जण आपल्या जागी परत येतो, म्हणजे एका फेऱ्याला ६४ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर फेरा ३२ सेकंदांचा. तीन फेरे विणायला आणि तीन उलगडायला मिळून तीन मिनिटं बारा सेकंद लागतात. गाणं याहून मोठं असेल तर छाटा, फेरे वाढवू नका.

गुंता उलगडताना होतो, कारण मुलं मागे वळतात आणि सवयीने पुन्हा पहिल्यापासून ‘आत’ सुरू करतात. उलगडताना शेवटची ओलांडणी आधी सोडवायची असते. जो शेवटी बाहेरून गेला होता, त्याने वळून पुन्हा बाहेरूनच जायचं. वरच्या हिशेबात चोविसावी ओलांडणी विषमांची बाहेरून होती, म्हणून उलगडताना त्यांची पहिली बाहेरूनच. म्हणजे तोंडी म्हणायचंही ‘बाहेर-आत’. वळल्यावर केंद्र दुसऱ्या हाताला येतं, तेव्हा पट्टी आणि टिपरी यांची अदलाबदल करावी लागते. या अदलाबदलीला स्वतंत्र आठ मात्रा द्या. मुलं ती घाईत उरकतात आणि तिथूनच मेळ हरवतो. कुणाचीही चूक दिसली तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबून एक ओलांडणी मागे यायचं. एकट्यालाच मागे पाठवलं तर गुंता दुप्पट होतो.

सरावाचा क्रम : दोन दिवस पट्ट्यांशिवाय नुसती चाल, मग चार मुलांना पट्ट्या, मग आठांना, आणि टिपऱ्या सगळ्यात शेवटी. विणणं जमलं की उलगडण्याच्या सरावाला विणण्याच्या दुप्पट वेळ द्या.

प्रश्न : गोफात व्हीलचेअरवरच्या विद्यार्थिनीला घेता येईल का? आतापर्यंत तिला बाजूला घुंगरू वाजवायला बसवत आलो. (शिक्षिका, बेळगाव)

घ्याच. ती आतून जाताना अडचण नाही, समोरच्याला हात फार उंच करावाही लागत नाही. अडचण बाहेरून जाताना येते, कारण बसून पट्टी उभ्या मुलाच्या डोक्यावरून नेता येत नाही. तिच्या पट्टीचं टोक एक मीटर लांबीच्या हलक्या वेताला बांधा, म्हणजे हात वर केला की पट्टी पुरेशी उंच जाते. तिचा हात वेतात गुंतलेला असेल, म्हणून खुर्ची ढकलायला एक भिडू द्या. ओलांडायला चारऐवजी आठ मात्रा द्या, आणि त्या सगळ्यांनाच द्या. तिच्यासाठी वेगळी लय ठेवू नका. पट्टी जमिनीवर लोळली तर चाकात जाते, तेवढं पाहा. मुलं आठच घ्या, बारांत खुर्चीला जागा पुरणार नाही.

प्रश्न : सातवीला सांगितलं की तुमचा नाच तुम्हीच बसवा, तर मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या स्टेप्स जशाच्या तशा उतरवून आणतात. मुलगे तर भिंतीला टेकून उभे. आठवड्याला ३५ मिनिटांची एकच तासिका मिळते. (शिक्षक, जालना)

‘नाच बसवा’ ही सूचना बाराव्या वर्षी फार मोठी पडते. घाबरलेलं मूल जे तयार मिळेल ते उचलतं. त्यांना लहान काम द्या.

बारा चिठ्ठ्यांवर बारा क्रियापदं लिहा : वाकणं, उचलणं, फेकणं, झेलणं, ओढणं, ढकलणं, वळणं, सरकणं, घसरणं, उसळणं, कोसळणं, थांबणं. पाच-पाचांचे गट करा. ‘थांबणं’ प्रत्येक गटाला सक्तीचं, बाकी तीन चिठ्ठ्या उचलायच्या. प्रत्येक क्रियेला दोन मात्रा, म्हणजे चार क्रियांच्या आठ मात्रा झाल्या. दहा मिनिटांत एवढंच. गाणं लावू नका, तुम्ही डफावर किंवा बाकावर ठेका धरा. गाणं लागलं की व्हिडिओतल्या स्टेप्स परत येतात.

पुढची दहा मिनिटं त्याच आठ मात्रांत एकच बदल करायला सांगा. क्रम उलटा करा, किंवा दोन-दोन मात्रांच्या अंतराने एकामागून एक सुरू करा, किंवा सगळं जमिनीवर बसून करा, किंवा आठ मात्रांचं सोळांत पसरवा. पाठ असलेल्या हालचालीला काही केलं की ती वेगळी दिसते, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं. उरलेल्या वेळात गटांनी एकमेकांना दाखवायचं, आणि पाहणाऱ्यांनी ‘छान’ न म्हणता काय दिसलं तेवढंच सांगायचं.

हालचाल सपाट वाटली तर रुडॉल्फ लाबान यांनी मांडलेल्या चार गोष्टी विचारा. नाचाची लिपी तयार करून १९२८ मध्ये प्रसिद्ध करणारे हेच. हालचालीचं वजन जड की हलकं, वेळ झटकन की सावकाश, वाट थेट की वळणावळणाची, ओघ मोकळा की अडवलेला? एक ‘फेकणं’ घ्या. कोंबड्यांना दाणे टाकताना मनगटच फिरतं, बोटं एकेक उघडतात. गोफणीतून धोंडा सुटताना मागचा पाय, कंबर, खांदा असं सगळं त्याच क्रमाने येतं आणि सुटल्यावर अंग पुढे ओढलं जातं. दोन्ही लागोपाठ करून दाखवायला सांगा. भिंतीला टेकलेल्यांना गोलंदाजीची क्रिया सोळा मात्रांत करून दाखवायला बोलवा. त्यांना नाचाचा कंटाळा नसतो, ठुमक्यांची लाज वाटते, आणि त्या लाजेचा मान राखला पाहिजे.

रचना कागदावर उतरवायला चौकटीची वही आणि शर्टाची बटणं पुरतात. एक चौकट म्हणजे अर्धा मीटर. सहा बाय चार मीटरचा मंच बारा बाय आठ चौकटींत बसतो. प्रत्येक मुलाला एक रंगाचं बटण, दर आठ मात्रांना एक पान. दोन बटणं एका चौकटीत आली की टक्कर होणार हे नाचण्याआधीच कळतं.

प्रश्न : चाळीस मुलांची लेझीम. मैदानावर मागच्या रांगांचा खळखळाट उशिरा येतो. मुलं लक्ष देत नाहीत असं पी.टी.चे सर म्हणतात. (पालक, सांगली)

लक्ष देतात, पण आवाजच उशिरा पोचतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हलगी एका टोकाला आणि शेवटची रांग ३४ मीटरवर असेल तर ठोका त्यांना सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. हलगीवाल्याला मधोमध उभं करा, आणि प्रत्येक रांगेने पुढच्या रांगेच्या हाताकडे न पाहता समोरच्या एकाच म्होरक्याकडे पाहावं. दोन मुलांत दीड मीटर अंतर हवं.

दुसरं कारण हातात असतं. झांजा वाजतात त्या साखळी झटक्याने उघडल्यावर आणि मिटल्यावर. हळूहळू ओढली तर नुसती किणकिण होते. दमलेली मुलं अर्धीच उघडतात, म्हणून सलग सराव पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. रोज सुरुवातीला चकत्यांच्या कडा आणि तारेची टोकं बोटाने तपासा. उघडलेली तार तळहात फाडते.

प्रश्न : संमेलनात चित्रपटगीत लावायला परवानगी लागते का? आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर? (शिक्षिका, नाशिक)

कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ नुसार, शाळेच्या उपक्रमात प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तर गाणं वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावून किंवा सगळ्या गावाला बोलावून कार्यक्रम केला तर ही सवलत गृहीत धरू नका. यूट्यूबवर टाकणं या सवलतीत येत नाही. तिथे गाणं आपोआप ओळखलं जातं आणि आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. पालकांना आठवण म्हणून हवा असेल तर एका सरावाचं चित्रीकरण फक्त ढोलकी आणि मुलांच्या तोंडच्या मोजणीवर करा. गोफाचा तर तसाच करा, ‘आत-बाहेर’ ऐकू येईल असा. चित्रीकरण कुठेही टाकण्याआधी प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या.