सोर्समधून बिल्ड करताना प्रीफिक्स (सॉफ्टवेअर कुठल्या फोल्डरखाली बसवायचं तो पत्ता) आणि बाकीचे पर्याय एकदाच ठरवून ठेवता येतात का? दरवेळी टाइप करून कंटाळा आलाय.

येतात की! ऑटोकॉन्फवाल्या कॉन्फिगरला (सोर्ससोबत येणारी, बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) ही सोय फार पूर्वीपासून माहीत आहे. ‘कॉन्फिग.साइट’ नावाची साधी शेल फाइल करायची आणि प्रीफिक्सखालच्या ‘शेअर’मध्ये ठेवायची. दुसरीकडे ठेवायची असेल तर याच नावाच्या कॅपिटल अक्षरांतल्या व्हेरिएबलला (डॉटऐवजी अंडरस्कोर) तिचा पत्ता द्यायचा.

पण हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या डिझाइन विभागात मी होतो. 11 लिनक्स मशीन आणि आमचे काका. काकांची लाल पुठ्ठ्याची वही. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरची कॉन्फिगरची ओळ बॉलपेननं लिहिलेली. चष्मा नाकावर, एक बोट वहीवर, दुसऱ्या हातानं टायपिंग. सातव्या मशीनवर लिबडिर (लायब्ररी कुठं ठेवायची तो पर्याय) राहिलं, नवी लायब्ररी ‘लिब’मध्ये गेली, प्रोग्राम ‘लिब64’मधली जुनीच उचलत बसला. अख्खा शनिवार गेला.

मग मी फाइल केली, व्हेरिएबल सगळ्या मशीनच्या प्रोफाइलमध्ये टाकलं. काका म्हणाले, “डोळ्याआडचं काय चालायचं न्हाई.” दोन महिन्यांनी त्यांनी चाचणीसाठी वेगळा प्रीफिक्स देऊन नवी आवृत्ती बिल्ड केली, आणि ती जाऊन बसली थेट सगळ्यांच्या चालू आवृत्तीवर! कारण मी फाइलीत प्रीफिक्स सरळ लिहिला होता. कमांडवरचे पर्याय आधी वाचले जातात, फाइल नंतर. त्यामुळं माझी ओळ त्यांच्यावर चढली. पुढं दोन वर्षं टपरीवर चहाला गेलं की “पोराची फाइल” हाच विषय.

चूक माझ्या ओळीची होती, फाइलीची नाही. प्रीफिक्स दिलाच नसेल तर कॉन्फिगर त्यात ‘नन’ (NONE) हा शब्द ठेवतं; तो असेल तरच आपला द्यायचा, एवढी एक अट पुरते. आणि डोळ्याआड कसलं राव? साइट स्क्रिप्ट लोड होतेय ही ओळ दरवेळी स्क्रीनवर येते, कॉन्फिग.लॉगमध्येही राहते. वहीत कुठला लॉग राहतो?

हां, सीमेक आणि मेसॉन ही बिल्डची दुसरी साधनं या फाइलीकडं ढुंकूनही बघत नाहीत. तुमची निम्मी सॉफ्टवेअर तसली असतील तर तिथं वेगळा बंदोबस्त करा. सुडोनं (अ‍ॅडमिनच्या हक्कानं) कॉन्फिगर चालवलं तर व्हेरिएबल बहुधा गळतं.

आणि काका, हे वाचत असाल तर सातव्या मशीनवर लिबडिर कोण विसरलं, तेही सांगा की टपरीवर.