मण्यारचा पेशंट गाडीत असेल तेव्हा
१०८ वर नवीन लागलायस, पावसाळ्यात सर्पदंशाचे कॉल येणारच. नाग चावला की सूज, वेदना दिसतात. फसवते ती मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय, गिळता येत नाही म्हणाला, तर अंगावर खूण नसली तरी मण्यारचा संशय धर.

वर बघायला सांग. पापण्या अर्ध्यावर लोंबतात का? मग एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजायला लाव आणि दर दहा मिनिटांनी लिहून ठेव. ऑक्सिजन चालू असताना ऑक्सिमीटर ९७ दाखवत राहतो, त्यावर विसंबू नकोस. मोजणी त्याच्या आधी घसरते. श्वास उथळ झाला की अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी): ५-६ सेकंदांना एकदा, छाती उचलेल इतकंच दाबायचं. घाबरून भराभर दाबलंस तर हवा पोटात जाते आणि उलटी होते.

घरच्यांनी आवळलेली दोरी वाटेत सोडू नकोस. सलाईन लागलेली आणि डॉक्टर समोर असताना ती सोडवायची. निघतानाच फोन करून सापाच्या विषावरचं प्रतिविष (ASV) आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत का विचार.

आणि हो, पेशंट निपचित पडला तरी त्याला ऐकू येत असतं. नातेवाइकांना गाडीत ‘गेला, गेला’ करू देऊ नकोस.