मैदान सोडू नकोस, पण फिजिक्स पहाटे

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. क्लासचे सर म्हणाले, खो-खो बंद करा नाहीतर मेडिकलची नीट परीक्षा विसरा. आणि तू दोन दिवस धड जेवली नाहीस म्हणे. आधी जेव.

मीही लातुरातच बारावी केली. तेव्हा नीट नव्हती, मेडिकल बारावीच्या मार्कांवर मिळायचं. खेळायचोही. म्हणून सर अगदीच चूक आहेत असं मी म्हणणार नाही. फक्त ते तास मोजतात, दमणं धरत नाहीत.

720 मार्कांतले 360 बायोलॉजीचे. एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळ न् ओळ वाचायची, ती एसटीतही वाचून होते, दमलेल्या डोक्यानेही थोडीफार जाते. फिजिक्स तसं नाही. दीड तास पाठलाग करून, चार सूर मारून आलीस आणि रोटेशनल मोशन उघडलंस, तर तास जाईल, गणित सुटणार नाही, आणि बोल खेळाला लागेल. म्हणून फिजिक्स पहाटे, सराव संध्याकाळी, रात्री बायोलॉजी. साडेदहाला दिवा बंद. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी मैदानात उतरायची सोय नसतेच. ती वेळ टेस्टला ठेव. नीट दुपारी दोनलाच सुरू होते, त्या वेळी डोकं जागं राहायची सवय लागू दे.

अकरावीत मनसोक्त खेळ. तालुका, जिल्हा, विभाग, जिथवर जाशील तिथवर जा. बारावीत हिवाळा सरला की सामने बंद, कारण परीक्षा मे महिन्यात. पळणं मात्र रोज अर्धा तास. मी जानेवारीत सगळंच सोडलं होतं. महिन्याभरात झोप उडाली, पाठ धरली. खोलीवर बारा तास बसायचो आणि निम्मं वाचलेलं कुठं जायचं देव जाणे.

खेळाच्या वाढीव गुणांवर विसंबू नकोस. ते बारावीच्या निकालात मिळतात, नीटमध्ये नाही. तुझ्या भिंतीवर धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेंचा फोटो आहे ना, 2020 च्या अर्जुन पुरस्काराचा? तो राहू दे. गुणांसाठी कुणी इतकं खेळत नसतं.

आता माझी खरी चूक. बारावीत घोटा मुरगळला आणि मी लपवला. कोचना कळलं तर बाहेर बसवतील, घरी कळलं तर खेळच बंद. पट्टी बांधून सामना खेळलो. मग सहा आठवडे प्लास्टर, आणि नेमक्या त्यातच प्रॅक्टिकल. कुबड्या टेकत टायट्रेशन केलंय मी.

सरांशी मी बोलतो. रविवारी आईला घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात ये. जिना उतरताना उजवा पाय जपतेस, असं ती म्हणत होती.

तुझा,
डॉक्टरकाका